एकशे ऐंशी लेबलं

गेल्या दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी अकरा वाजता, वर्ध्यातल्या महिला बचतगटांच्या प्रदर्शनात सदुसष्ट वर्षांच्या एका बाईंनी स्वतःच्याच स्टॉलवरच्या लव्हेंडर साबणाची लेबलं सोलायला सुरुवात केली. एकशे ऐंशी वड्या होत्या. काम पावणेएकला संपलं. सोललेली लेबलं त्यांनी फेकली नाहीत. एका जुन्या वर्तमानपत्रावर दहा-दहाच्या अठरा ओळींत चिकटवली, खाली सही केली आणि तो कागद संयोजकांपुढे धरून पोच मागितली. पोच मिळाली नाही. माल उचलून न्या, असं त्यांना सांगण्यात आलं. त्या म्हणाल्या, "साबण राहू द्या. साबणात खोट नाई."

दुसऱ्या दिवशी या प्रसंगाची बातमी छापून आली. मथळ्यात 'भेसळ' हा शब्द होता. ज्या वर्तमानपत्रात ती आली, तिथे मी काम करते.

बाई शिक्षिका नव्हत्या. वर्ध्यातल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्या सहायक होत्या. बाटल्या भरणं, नळ्या धुणं, द्रावणं करून ठेवणं, एवढंच त्यांच्या कामाच्या यादीत होतं. प्रत्यक्षात प्रयोग त्याच शिकवायच्या. प्राध्यापक येऊन सही करून जात. सहीच्या आधी वही बाईंच्या हाताखालून गेलेली असे, आणि जिथे त्यांना पटलं नसेल तिथे समासात पेन्सिलीने दोन शब्द लिहिलेले असत : 'पुन्हा करा'. प्राध्यापकांनी सही केली तरी ते दोन शब्द पुसले जात नसत. तसा अधिकार त्यांना कोणी दिला नव्हता. काढूनही कोणी घेतला नाही.

वहीत दोन रकाने असायचे, निरीक्षण आणि अनुमान. मी तिथे शिकत होते. आम्ही मुलं दोन्ही रकाने पुस्तकातून भरायचो. एकदा माझ्या नळीत तळाशी साका बसला तो मळकट हिरवा होता. पुस्तकात निळा होता, म्हणून मी निळा लिहिला. बाईंनी नळी उचलली, माझ्या वहीशेजारी धरली.

"हा निळा आहे?"

मी म्हटलं, पुस्तकात निळा दिलाय.

"पुस्तकाले दिसून राह्यला का तुले?"

त्यांनी समासात पेन्सिल चालवली. त्या दिवशी मी तो प्रयोग तीनदा केला. तिन्ही वेळा साका मळकट हिरवाच आला. बाटलीतला क्षार जुना होता, हे बाईंना आधीपासून माहीत होतं. मी हिरवा लिहिल्यावर त्या म्हणाल्या, "आता अनुमान चुकलं तरी चालते. चुकलं तर पुढच्याले सापडते. निरीक्षण खोटं असलं तर कोणालेच काई सापडत नाई."

पुढे मी रसायनशास्त्र सोडलं आणि बातम्यांच्या धंद्यात आले. पहिल्या महिन्यात तिथल्या मुख्य उपसंपादकांनी मला जवळपास हेच सांगितलं होतं, जरा वेगळ्या शब्दांत.

बाईंचं घर सिंदी मेघेत. फाटकावर बेलच्या बटणाखाली एक चिठ्ठी चिकटवलेली आहे : 'बेल चालू आहे. मला कमी ऐकू येतं. दार वाजवा.' स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर नाव, भरल्याचा दिवस आणि उघडल्याचा दिवस. एका बरणीवर 'लोणचं. बरं नाही झालं.' असं लिहिलेलं मी पाहिलं आहे. त्यातलंच लोणचं त्यांनी मला वाढलं. लेबल बरोबर होतं.

वास घेण्याची त्यांची एक पद्धत आहे. प्रयोगशाळेत नाक थेट बाटलीवर नेत नाहीत, हाताने हवा आपल्याकडे ओढतात. निवृत्तीनंतरही बाईंची ती सवय सुटली नाही. भाजीवाल्याच्या गाड्यावर कोथिंबिरीच्या जुडीवरून त्या हात फिरवतात. चहाच्या कपावरून फिरवतात. पाहुण्यांसमोर गरम वरणावरून फिरवतात, आणि पाहुणे नवे असतील तर त्यांना वाटतं की यांच्या घरी जेवणाआधी काही विधी असावा.

नातेवाईक त्यांना लग्नाला बोलावताना विचार करतात, त्याला कारण आहे. देवळीतल्या एका लग्नात दुधाच्या कढईजवळ 'केशर दूध' अशी पाटी होती. बाईंनी शेजारच्या गृहस्थांकडून चुन्याची डबी मागितली. तळहातावर दूध घेतलं, त्यात बोटभर चुना कालवला. दूध लाल झालं. हळदीला चुना लागला की लाल होते, हे घरोघरी कुंकू करणाऱ्यांना माहीत होतं. तो तळहात घेऊन त्या सरळ मुलीच्या बापाकडे गेल्या. म्हणाल्या, "दूध चांगलं आहे. पाटी बदला." मुलीच्या बापाने पाटी बदलली नाही. ते अजून बाईंशी बोलत नाहीत. हे मी पाहिलेलं नाही. त्यांची शेजारीण शोभा हिने सांगितलं, आणि बाईंनी त्यात दुरुस्ती केली ती एवढीच की चुना बोटभर नव्हता, नखभर होता.

शोभा शिवणकाम करायची. बाईंच्या घराला लागून तिची एक खोली, तिथेच मशीन. साबणाचं काम दोघींनी मिळून सुरू केलं, शोभाच्या बचतगटाच्या नावावर. बाईंना हिशेबाने काही ढवळत राहायला हवं होतं, शोभाला शिवणापेक्षा डोळ्यांना सोपं काम हवं होतं. खोबरेल, एरंडेल आणि सरकीचं तेल. सरकी इथली, म्हणून तिचा वाटा मोठा. कास्टिक सोडा कालवायच्या दिवशी बाई प्रयोगशाळेतला जुना एप्रन घालत, डोळ्यांना चष्मा, आणि शोभाला दाराबाहेर उभं करून एकच वाक्य म्हणायला लावत : "सोडा पाण्यात, पाणी सोड्यात नाई." तीनदा म्हटल्याशिवाय आत प्रवेश नव्हता. कास्टिक ॲल्युमिनियमला खातं, म्हणून ॲल्युमिनियमचं भांडं त्या खोलीत आणायलाही बंदी होती. शोभाच्या जावेने एकदा ॲल्युमिनियमच्या पातेल्यात मुरमुरे आणले, ते तिला अंगणात बसून खावे लागले.

वड्या कापल्या की सहा आठवडे फळीवर. चार आठवड्यांत चालतात, असं सगळे म्हणतात. बाई चौथ्या आठवड्यात एक वडी घेत, जिभेचं टोक लावून कास्टिक उरलंय का ते पाहत आणि फळीवर परत ठेवत.

लव्हेंडर आलं ते जम्मूच्या डोंगरातून. बाईंचा भाचा तिकडे फौजेत आहे. सुट्टीवर येताना त्याने तेलाची एक बाटली आणि सुकवलेल्या फुलांची पिशवी आणली. बाईंनी बाटलीचं बूच काढून वरून हात फिरवला आणि वहीत लिहिलं : 'तुळस आणि कापूर यांच्या मधला. थोडा गवताचा.' शोभाने वास घेतला आणि भाच्याला फसवलं गेलंय असं जाहीर केलं.

"बाई, हे लव्हेंडर नाई. लव्हेंडर त ट्रॅव्हल्सच्या गाडीत येते. पुण्याले गेलती तवा त्या वासानं मले दोनदा उलटी झाली. मी कशी विसरीन?"

बाईंनी तिला समजावलं की गाडीत येतो तो लव्हेंडरच्या नावाचा वास आहे, हा लव्हेंडरचा आहे. शोभाला ते पटलं नाही. गल्लीतही कोणाला पटलं नाही. इथे लव्हेंडरची ओळख पावडरच्या डब्यातून, संडासात टांगायच्या वडीतून आणि बसमधल्या फवाऱ्यातून झालेली आहे. आणि त्या सगळ्यांचा रंग जांभळा असतो.

रंगाचा प्रश्न तिथून सुरू झाला. लव्हेंडरचं तेल घातलेला साबण पांढरा होतो. सरकीमुळे थोडा पिवळसर, दुधावरच्या सायीसारखा. पांढरी वडी लव्हेंडर म्हणून कोण घेईल, असं शोभाचं म्हणणं. ते चुकीचं नव्हतं. म्हणून बाईंनी प्रयोग लावले. ती वही मी पाहिली आहे. शाळेतली दोनशे पानी वही, दोन रकाने आखलेले.

बीट घातलं : वडी विटकरी, आठवड्याने मातकट. जांभळाचा रस : चिखल. जास्वंद : राखाडी. गोकर्णाची निळी फुलं शोभाने पहाटे उठून चार घरच्या कुंपणांवरून आणली. कास्टिकमध्ये पडताच ती हिरवी झाली, मग खाकी. खाली बाईंचं अनुमान : 'अपेक्षित होतं. तरी करून पाहिलं.' शेवटी जम्मूहून आलेली खरी फुलंच वड्यांवर पेरली. ती तर जांभळी होतीच. पाच दिवसांत सगळी काळी-तपकिरी पडली.

शोभाने फळीवर वाकून पाहिलं. म्हणाली, "बाई, उंदीर येऊन कार्यक्रम करून गेल्यावाणी दिसते."

बाईंनी निरीक्षणाच्या रकान्यात लिहिलं : 'उंदराच्या लेंड्यांसारखी दिसतात. (शोभा)'. दुसऱ्याचं निरीक्षण असेल तर त्याचं नाव लिहायचं, हा त्यांचा नियम होता.

रंग मिळाला तो रतनजोतीपासून. जडीबुटी विकणाऱ्या गंध्याकडे मिळणारी काळपट मुळं, केसांच्या तेलात घालतात ती. तेलात टाकली की तेल लालभडक होतं. त्या तेलाचा साबण केला की कास्टिक लागून लाल जातं आणि जांभळं उमटतं. बाईंना त्यात एक मजा वाटत होती, हे वहीवरून दिसतं. त्या पानावर तीन उद्गारचिन्हं आहेत. उरलेल्या वहीत एकही नाही.

मग त्यांनी तो प्रयोग केला ज्याचा त्यांना पुढे राग येत राहिला. एकाच घाण्यातलं मिश्रण, तेच तेल, तेवढेच थेंब. अर्धं पांढरं ठेवलं, अर्धं रतनजोतीने रंगवलं. सहा आठवड्यांनी गल्लीतल्या लोकांना दोन्ही वड्या दिल्या आणि कुठलीला वास जास्त ते विचारलं. दोघं सोडून सगळे जांभळी म्हणाले. काहींनी तर पांढरीला वासच नाही असं सांगितलं. दोघांनी फरक नाही म्हटलं. त्यातले एक देवळीहून शोभाकडे आलेले मामा, जन्मापासून आंधळे. दुसऱ्या म्हणजे आमच्या बाई स्वतः, डोळे मिटून.

"नाकानं नाई," त्या मला म्हणाल्या होत्या, "लोक डोळ्यानं वास घेऊन राह्यले."

तरीही त्यांनी जांभळ्या वड्या करायचं ठरवलं. कारण शोभा. बसस्थानकाजवळ बचतगटांच्या मालाचं एक कायमचं विक्री केंद्र सुरू होणार होतं. प्रदर्शनात ज्यांचा माल उठेल, त्यांना तिथे काउंटर मिळणार होतं. शोभाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या मापाचे कपडे शिवले होते. डोळे आता सुईत दोरा ओवू देत नव्हते. एक काउंटर, त्यामागे एक खुर्ची आणि वर आपलं नाव, एवढं तिला हवं होतं. ते तिने कधी बाईंसमोर मागणी म्हणून मांडलं नाही. खुर्चीला गादी शिवून मात्र ठेवली होती.

बाईंनी अट एकच घातली. लेबल त्या लिहितील. एकशे ऐंशी लेबलं त्यांनी हाताने लिहिली, सारख्या अक्षरात :

'वास : लव्हेंडरचं तेल, जम्मूकडचं. रंग : रतनजोतीचं मूळ. लव्हेंडर साबणाला रंग देत नाही.'

प्रदर्शनाचे संयोजक हिंगणघाटचे कापड व्यापारी होते. विक्री केंद्रही त्यांच्याच देखरेखीखाली होतं. त्यांनी नमुन्याची वडी पाहिली, खूश झाले. लेबल पाहिलं आणि विचारलं की ही शेवटची ओळ कशासाठी? बाई म्हणाल्या, लोकांना वाटतं की देतं, म्हणून. त्यावर ते जे म्हणाले ते शोभाला शब्दन् शब्द आठवतं : "मॅडम, पब्लिकले जे वाटते ते वाटू द्या ना. आपलं काय जाते?"

बाईंनी लेबल बदललं नाही. माल प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी जमा करायचा होता, तो केला. रात्रीतून संयोजकांच्या माणसांनी सगळ्या वड्यांवरची हाताने लिहिलेली लेबलं काढून छापील लावली. जांभळी, चकचकीत, फुलांच्या चित्राची. त्यावर लिहिलं होतं :

'वर्ध्याच्या मातीत फुललेल्या लव्हेंडरचा अस्सल जांभळा रंग.'

या एका ओळीत तीन विधानं आहेत. वर्ध्याच्या मातीत लव्हेंडर फुलत नाही. इथला मे महिना त्याला मानवत नाही. साबणातला रंग लव्हेंडरचा नव्हता. आणि अस्सल काय होतं, ते त्यांनी काढून टाकलेल्या लेबलावर लिहिलेलं होतं.

मंगळवारी सकाळी बाई स्टॉलवर आल्या, पिशवी खाली ठेवली, एक वडी उचलून चष्म्याजवळ नेली. मग संयोजकांना बोलावून घेतलं. शोभा तिथेच होती. बाईंचा आवाज चढला नाही, असं ती सांगते. त्यांनी फक्त विचारलं की हे कोणी पाहिलं.

संयोजकांनी खिशातून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. आठ दिवसांपूर्वीची बातमी, प्रदर्शनाची पूर्वतयारी. ते म्हणाले, मॅडम, मी मनानं थोडंच लिहिलं, पेपरात आलेलं आहे. वाचा. ओळ तीच होती, शब्दही तेच.

बाईंनी कात्रण वाचलं, परत दिलं आणि पहिल्या वडीचं लेबल नखाने उचकटलं.

ती ओळ मी लिहिली होती.

संयोजकांकडून आलेल्या पत्रकात एवढंच होतं की एका गटाने 'नैसर्गिक रंगाचा लव्हेंडर साबण' तयार केला आहे. गटाचं नाव होतं, बाईंचं नव्हतं. खाली शोभाचा फोन नंबर होता. पान लावायची घाई होती, बातमी कोरडी होती, जिल्ह्याशी जोडणारं काही हवं होतं. लव्हेंडर, नैसर्गिक, जांभळा, वर्धा. मी ते एका ओळीत बसवलं. मी वडी पाहिली नव्हती. फोन केला नव्हता. त्याला दोन मिनिटं लागली असती.

मंगळवारी दुपारी प्रदर्शनातून वार्ताहराचा फोन आला की एक म्हातारी लेबलं सोलून राहिली आहे आणि ओळीत चिकटवून राहिली आहे. ओळीत म्हटल्यावर ती कोण ते मला कळलं, आणि लेबलावर काय आहे ते त्याने वाचून दाखवल्यावर उरलेलं. मी मुख्य उपसंपादकांना सांगितलं की लेबलावरची ओळ आपली आहे, आणि ती चूक आहे. ते म्हणाले, आधी उद्याचं पान लाव. बातमी वार्ताहराने दिली तशी गेली. 'साबणात भेसळीचा संशय, प्रदर्शनात गोंधळ.' भेसळ हा शब्द संयोजकांचा होता. वार्ताहराने त्यांना विचारलं होतं, बाईंना विचारलं नव्हतं. बाई त्याच्यापासून दहा पावलांवर लेबलं मोजत होत्या.

ज्या बाईने आयुष्यात एका बरणीवर खोटं लिहिलं नाही, तिच्या नावापुढे भेसळ हा शब्द छापून आला. ज्याने एकशे ऐंशी खोटी लेबलं लावली, त्याचं नाव त्याच बातमीत 'माहिती देताना सांगितले' या शब्दांच्या आधी आलं.

बुधवारी दुपारी चार वाजता बाई ऑफिसात आल्या. मला विचारत आल्या नव्हत्या. ती ओळ कोणाची आहे ते विचारत आल्या होत्या. शिपायाने त्यांना माझ्या टेबलापर्यंत आणून सोडलं. त्यांनी मला पाहिलं आणि खुर्ची ओढून बसल्या. पिशवीतून चार गोष्टी काढून टेबलावर मांडल्या : एक जांभळी वडी, छापील लेबल, हाताने लिहिलेलं लेबल, आठ दिवसांपूर्वीच्या बातमीचं कात्रण.

"हे कोणाचं निरीक्षण आहे?"

मी म्हटलं, कोणाचं नाही.

"मंग निरीक्षणात काऊन लिहिलं?"

"मी लिहिलं, बाई."

त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. मी म्हटलं की खुलासा छापते, उद्याच छापते. त्यांनी वडीवरून हात फिरवून वास घेतला, सवयीने. मग म्हणाल्या, "माहं काई नाई, पोरी. मले कोण वळखते? शोभाले काउंटर नाई दिलं त्यानं. काल रात्री सांगून गेला. भेसळवाले नाई पाहिजेत म्हणे."

पिशवीत पेन्सिल होती. कात्रणाच्या समासात, माझ्या ओळीसमोर, त्यांनी दोन शब्द लिहिले. कात्रण माझ्यापुढे सरकवलं. बाकीच्या तीन वस्तू पिशवीत भरल्या आणि निघाल्या. जिन्यापर्यंत गेल्यावर परत वळून त्यांनी विचारलं की इथून सिंदी मेघेला जायला ऑटो कोणत्या बाजूला मिळतो. मी खाली जाऊन ऑटो थांबवला. तेवढं मी प्रत्यक्ष केलं.

खुलासा मी त्याच संध्याकाळी लिहिला. नऊ ओळींचा होता. त्यात रतनजोत होती, जम्मू होतं, हाताने लिहिलेल्या लेबलाचा मजकूर पूर्ण होता, लेबलं कोणी बदलली ते होतं, आणि भेसळ नव्हती हे वाक्य होतं. मुख्य उपसंपादकांनी तो दोन ओळींवर आणला. भेसळीचं वाक्य गेलं. मी विचारलं का. ते म्हणाले, आपण 'संशय' लिहिलं होतं. संशय होता, हे खरंच आहे; त्यात खुलासा कशाचा करायचा? लेबलं बदलणाऱ्याचं वाक्यही गेलं, कारण दिवाळी अंकाला संयोजकांच्या दुकानाची जाहिरात होती. हे कारण त्यांनी मला सांगितलं, लपवलं नाही. लपवायची गरज वाटत नव्हती, हे मला जास्त लागलं.

खुलासा सातव्या पानावर तळाशी आला : 'वर्ध्यात लव्हेंडरचे पीक घेतले जात नाही. याआधीच्या वृत्तातील उल्लेख अनवधानाने झाला.' मथळा नव्हता. कोणत्या वृत्ताबद्दल, कोणत्या साबणाबद्दल, कोणाच्या नावाबद्दल, ते वाचणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता. बाईंनी ते कात्रण वहीत लावलं आहे. निरीक्षणाच्या रकान्यात पान आणि जागा लिहिली आहे. अनुमानाचा रकाना रिकामा आहे.

शोभा अडीच महिने बाईंच्या घरी आली नाही. मी तिला भेटायला गेले तेव्हा ती मशीनवर होती, काउंटरच्या खुर्चीसाठी शिवलेली गादी स्वतःच्या पाठीशी घेतलेली. माझ्यावर ती रागावलेली नव्हती. मी कोण आणि माझी ओळ कुठली, यात तिला रस नव्हता. तिचा राग बाईंवर होता.

"तीन दिवसांचं प्रदर्शन होतं," ती म्हणाली. "तीन दिवस डोळे मिटले असते तिनं, त काय झालं असतं? वास घ्यायले मिटते ना?"

तिचं हे बोलणं मी बाईंना सांगितलं नाही. शोभाने स्वतःच सांगितलं असावं, कारण पुढच्या खेपेला गेले तेव्हा बाई म्हणाल्या, "शोभाचं बरोबर आहे. तिचं नुकसान मी केलं. त्याची नोंद केली." वही उघडून दाखवली. नोंद होती.

संक्रांतीनंतर शोभा परत येऊ लागली. दारात उभी राहून सोड्याचं वाक्य तीनदा म्हणते, मग आत जाते. दोघी आता फक्त पांढऱ्या वड्या करतात. रतनजोतीची उरलेली मुळं एका डब्यात आहेत. डब्यावर नाव आहे, भरल्याचा दिवस आहे, उघडल्याच्या दिवसाची जागा कोरी आहे. वड्या गल्लीत आणि ओळखीत जातात. ज्यांना वास येत नाही अशी तक्रार असते, त्यांना बाई डोळे मिटायला सांगतात. काही जण मिटतात.

बसस्थानकाजवळचं विक्री केंद्र सुरू झालं आहे. ज्या काउंटरवर शोभा बसणार होती, तिथे दुसरा गट बसतो. गेल्या शनिवारी सकाळी साडेअकराला मी तिथे गेले होते. काउंटरवर जांभळ्या लव्हेंडर साबणाच्या वड्या होत्या. मी एक घेतली. वास ट्रॅव्हल्सच्या गाडीतला होता. लेबलाच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरात, उत्पादनाचं ठिकाण म्हणून दुसऱ्या राज्यातल्या एका शहराचं नाव होतं. पुढच्या बाजूला लिहिलं होतं : 'वर्ध्याच्या मातीत फुललेल्या लव्हेंडरचा अस्सल जांभळा रंग.'